एका नदीच्या दोन खतावण्या

निजामाच्या राज्यात हिंगोलीला फौजेची छावणी होती. हैदराबाद कंटिन्जन्ट या नावाने ओळखली जाणारी ही फौज नावाला निजामाची, हुकमतीला इंग्रज अधिकाऱ्यांची आणि खर्चाला पुन्हा निजामाची. पगाराचे पैसे वेळेवर निघेनात, थकबाकी वाढत गेली, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे लावून देण्यात आला. त्याच्या महसुलातून या फौजेचा खर्च भागवायचा, असा तो व्यवहार होता. पैनगंगेच्या एका काठाला इंग्रजी अमलातले वऱ्हाड आणि दुसऱ्या काठाला मोगलाई ही वाटणी तिथून पक्की झाली. न भागलेल्या एका खर्चाने नदीची सीमा केली, आणि त्या खर्चात हिंगोलीच्या छावणीचाही वाटा होता. पुढे १९४८ साली निजामाचे राज्य गेले, १९५६ साली मराठवाडा आणि विदर्भ एकाच मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्याच्या नकाशावरची ती रेघ पुसून सत्तर वर्षे होत आली. सरकारी पैसा ज्या नकाशावरून वाहतो त्यावर मात्र ती अजून ठळक आहे. पर्यटनात तिचा जाच सर्वांत जास्त, कारण तिथे माणूस एका जागेहून दुसऱ्या जागी जायलाच घराबाहेर पडलेला असतो.

सीमेवरच्या मागास भागाला पर्यटनासाठी जादा निधी द्या, ही मागणी नवी नाही. निवेदने निघतात, घोषणा होतात, अधूनमधून रक्कमही मिळते. ती आणखी वाढवून मागण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. आहे त्या पैशातला ठरावीक हिस्सा बाजूला काढावा, आणि तो सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून मागितला तरच मिळेल, एकट्याने मागितला तर मिळणार नाही, अशी अट घालावी, एवढेच म्हणणे आहे. अट वरवर किरकोळ वाटते. पण आजची सगळी व्यवस्था तिच्या नेमकी उलट दिशेने बांधलेली आहे, आणि ती कशी बांधलेली आहे हे पाहिल्याशिवाय अटीचे वजन कळणार नाही.

हिंगोली आणि नांदेड हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर महसुली विभागात येतात. पैनगंगेपलीकडचे वाशिम आणि यवतमाळ अमरावती विभागात. प्रत्येक जिल्ह्याची नियोजन समिती स्वतंत्र, तिचा अध्यक्ष त्या त्या जिल्ह्याचा पालकमंत्री. तीर्थक्षेत्रांना अ, ब, क असे वर्ग, त्यातला क वर्ग देणे जिल्हा नियोजन समितीच्या हातात. प्रादेशिक पर्यटन विकास योजनेचा प्रस्तावही स्थळाच्या नावाने जातो आणि स्थळ कोणत्या जिल्ह्यात आहे हे पहिल्याच रकान्यात लिहावे लागते. राज्यघटनेच्या २४३ झेड डी कलमाने जिल्हा नियोजन समितीला पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांच्या वाटपाचा विचार करायला सांगितले आहे, पण तो जिल्ह्यातल्या पंचायती आणि नगरपालिका यांच्यापुरता. शेजारच्या जिल्ह्याशी बोलायला कोणी बंदी केलेली नाही. बोलायला कोणी सांगितलेलेही नाही. त्यावर विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी विभागवार वाटणी. अनुशेषाच्या लढ्यातून, १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीच्या हिशेबातून आणि घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ साली आलेल्या वैधानिक विकास मंडळांतून ही वाटणी घट्ट झाली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, पण मराठवाड्याचा रुपया विदर्भात जाता कामा नये ही सवय काही मुदतीबरोबर संपली नाही. हिंगोलीची तर आणखी एक गंमत आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून फुटून हा जिल्हा झाला, तरी हिंगोली, वसमत, कळमनुरीचे एसटी आगार परभणी विभागातच राहिले. वाशिमचे आगार अकोला विभागात, पुसद आणि उमरखेडचे यवतमाळ विभागात. नदी ओलांडणाऱ्या गाडीचे वेळापत्रक जुळवायचे म्हटले तरी दोन विभाग नियंत्रकांची गाठ घालावी लागते.

या खतावण्यांची एक अंतर्गत ओढही असते, तिचे नाव मार्चएंड. जिल्हा योजनेचा पैसा वर्षाच्या हिशेबाने येतो, प्रशासकीय मान्यता आणि निविदा यांत पावसाळा सरतो, आणि उरलेल्या तीन-चार महिन्यांत जे उभे करता येते तेच उभे राहते. त्यात सभामंडप बसतो, स्वागत कमान बसते, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिवा तर हमखास बसतो. दोन जिल्ह्यांना मिळून वर्षभर चालवावी लागेल अशी गोष्ट त्यात बसत नाही. शौचालय बांधणे बसते, त्याला पाणी पुरवणारा आणि ते धुणारा माणूस बसत नाही. जिल्ह्याच्या सीमेवरची पाटी पाहिली तर या हिशेबाचा आकार लक्षात येतो: इकडून येणाऱ्याला ‘सुस्वागतम’, तिकडे जाणाऱ्याला ‘धन्यवाद, पुन्हा या’, आणि पुढचे देवस्थान किती किलोमीटरवर आहे याचा दोन्हीकडे पत्ता नाही, कारण ते दुसऱ्याच्या हद्दीत आहे.

भाविकाचा नकाशा या सगळ्याला कधीच जुमानत नाही. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोला, वाशिम ओलांडून पानकन्हेरगावाजवळ हिंगोली जिल्ह्यात येते, सेनगावहून नर्सी नामदेव आणि औंढा नागनाथ करत परभणीकडे उतरते आणि मग गंगाखेड, परळी, अंबाजोगाई असा मराठवाडा तुडवत पंढरपूरला जाते. नर्सी हे संत नामदेवांचे गाव, कयाधू नदीच्या काठचे. ही कयाधूसुद्धा वाशिम जिल्ह्यात उगम पावते, हिंगोलीतून वाहते आणि पुन्हा पैनगंगेला जाऊन मिळते. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यामुळे नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेला पंजाबी भाविक नर्सीलाही येतो. शिरड शहापूरला मल्लिनाथाचे दिगंबर जैन मंदिर आहे, पलीकडे वाशिम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. जैन यात्रेकरूच्या मनात ही दोन ठिकाणे एकाच प्रवासात असतात. बंजारा तांड्यांतली माणसे हिंगोली, नांदेड, यवतमाळ आणि थेट तेलंगणातून वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला जातात. चार वेगळे समाज, आणि चौघांची वाट कोणती ना कोणती जिल्ह्याची हद्द ओलांडणारी.

आता औंढ्याचे देऊळ जरा जवळून पाहू. कोरीव दगडांची बाहेरची भिंत, हत्तींच्या रांगा, हे सगळे मोकळ्या आवारातून निवांत बघता येते. ज्योतिर्लिंग मात्र जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून खाली उतरायचे, बसूनच दर्शन घ्यायचे आणि त्याच चिंचोळ्या जागेतून पुन्हा वर यायचे. नंदी समोर नाही, देवळाच्या पाठीमागच्या बाजूला आहे. कीर्तनाला मज्जाव झालेल्या नामदेवांसाठी देऊळच फिरले, अशी त्याची कथा गावोगाव सांगितली जाते. कथेचे जे असेल ते असो, गाभाऱ्याची रुंदी ही वस्तुस्थिती आहे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला त्या पायऱ्यांवरून तासाला किती माणसे जातील याला दगडानेच मर्यादा घातली आहे, आणि ती कितीही कोटी खर्चून वाढवता येणार नाही. औंढ्यात येणाऱ्या पैशाचा मोठा भाग तरीही देवळाच्या आसपासच फिरतो. नुसता व्यवहार म्हणून पाहिले तरी औंढ्याची गर्दी सुसह्य करण्याचा मार्ग औंढ्याबाहेर आहे: आलेला भाविक सकाळी नर्सीला, दुपारी शिरड शहापूरला, संध्याकाळी सिद्धेश्वर धरणावर आणि दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे कुठे जाईल, अशी सोय करणे. तो तीन तास थांबून निघून गेला तर गावाला पेढ्याचे आणि नारळाचे पैसे मिळतात. एक रात्र राहिला तर जेवणाचे, खोलीचे, रिक्षाचे आणि दुसऱ्या दिवशीच्या चहाचे. ती रात्र एका तालुक्याच्या बळावर मिळत नाही, त्यासाठी चार ठिकाणे जोडावी लागतात, आणि जोडायला गेले की जिल्हा संपतो.

पैनगंगेच्याच काठावर याचे दुसरे टोक दिसते. सहस्रकुंडचा धबधबा हिंगोलीच्या खालच्या अंगाला, नांदेड आणि यवतमाळच्या हद्दीवर आहे. पात्रातल्या काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून नदी असंख्य धारांनी कोसळते. मराठवाड्यातला माणूस इस्लापूरकडून येऊन एका काठावर उभा राहतो, विदर्भातला उमरखेडकडून येऊन दुसऱ्या काठावर. पाणी एकच, बघण्याचे काठ दोन, आणि सोयींचे प्रस्ताव दोन विभागांतून दोन दिशांना जाणारे. ओल्या खडकावरून पाय घसरणारा माणूस कोणत्या जिल्ह्याच्या बाजूने पडला याने मदतीला फरक पडता कामा नये, पण कुंपण, धोक्याची पाटी, जीवरक्षक या गोष्टी एका काठाने केल्या आणि दुसऱ्याने केल्या नाहीत तर गर्दी मोकळ्या काठाकडे सरकणार, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. ईसापूर जलाशयाचेही तेच. ईसापूर पक्षी अभयारण्य सुमारे ३७ चौरस किलोमीटरचे, यवतमाळ आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांत पसरलेले. पाण्यावर उतरणारे पक्षी जर एका बाजूच्या लाऊडस्पीकरने उडाले तर ते दुसऱ्या बाजूच्या निरीक्षण मनोऱ्यालाही दिसणार नाहीत. इथे एका काठाचा खर्च दुसऱ्या काठाच्या वागणुकीवर अवलंबून आहे. अर्थशास्त्रात याला मोठी नावे आहेत, गावात याला सामाईक बांध म्हणतात, आणि सामाईक बांधावर एकट्याने केलेला खर्च वाया जातो हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असते.

केंद्राने या दिशेने एकदा पाऊल टाकले होते. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या स्वदेश दर्शन योजनेची कल्पनाच मुळी परिक्रमेची होती: बौद्ध, रामायण, किनारपट्टी, आदिवासी अशा १५ विषयांखाली अनेक स्थळे एका साखळीत ओवायची. ७६ प्रकल्प मंजूर झाले, मंजूर रक्कम ५ हजार कोटींच्या वर गेली. २०२३ मध्ये संसदेत आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने तिच्या नियोजनावर कडक ताशेरे ओढले. योजना सुरू करण्याआधी व्यवहार्यतेचा अभ्यासही झाला नव्हता. दरम्यान स्वदेश दर्शन २.० आली आणि तिने साखळीऐवजी एकेका स्थळावर लक्ष केंद्रित केले. पुढे २०२४ मध्ये भांडवली खर्चासाठी राज्यांना दिलेल्या बिनव्याजी कर्जातून निवडक मोठ्या स्थळांना पैसा मिळाला, त्यात महाराष्ट्रातून सिंधुदुर्गचा पाण्याखालचा जहाज प्रकल्प आणि नाशिकचा रामकालपथ आले. साखळीची कल्पना फसली म्हणून सरकार पुन्हा स्थळाकडे वळले, असा याचा सरळ अर्थ लावला जातो. मला तो अर्धा वाटतो. साखळी कागदावर होती. खर्च मात्र स्थळनिहाय कामांच्या याद्यांवरच होत होता. दोन कड्यांमधला दुवा कोणी चालवायचा, त्याचे रोजचे पैसे कोणी द्यायचे, याचे उत्तर पहिल्या योजनेतही नव्हते. ओवायचा धागा आणलाच नाही आणि माळ तुटली म्हणून मण्यांना दोष दिला, असे ते झाले.

दोन हद्दींवरचे काम एका योजनेने होऊ शकते याचे पुरावे लांब शोधायला नकोत. ज्या ईसापूर धरणाची गोष्ट वर आली ते यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे विदर्भाच्या भूमीवर आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प मात्र गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचा, आणि त्याचे कालवे यवतमाळबरोबर हिंगोली आणि नांदेडला पाणी देतात. पाण्यासाठी विभागाची भिंत ओलांडता आली, कारण भिंत पाळली असती तर धरणच झाले नसते. नदी आणखी खाली गेल्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणाची हद्द होते. तिथे २०१६ मध्ये दोन राज्यांनी आंतरराज्य मंडळाचा करार केला आणि चनाखा-कोरटा बंधाऱ्यावर सही केली. दोन सार्वभौम देशांचे उदाहरण हवे असेल तर ते नामदेवांच्या वाटेवरच आहे. नामदेव उत्तरायुष्यात ज्या घुमानला राहिले, जिथे २०१५ साली सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे मराठी साहित्य संमेलन भरले, ते पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यातल्या डेरा बाबा नानकहून ९ नोव्हेंबर २०१९ रोजी पाकिस्तानातल्या कर्तारपूरचा मार्ग सुरू झाला. भारताने आपल्या हद्दीत आपल्या पैशाने बांधले, पाकिस्तानने आपल्या हद्दीत. एक रुपयाही सीमेपलीकडे गेला नाही, पण दोन्ही बाजूंच्या वाटा एकाच बिंदूवर भेटायच्या हे आधी ठरले होते. पुढे राजकारणाने तो मार्ग बंद पडला ही वेगळी गोष्ट. हिंगोली आणि वाशिममध्ये सुदैवाने तसा प्रश्न नाही.

युरोपीय संघाने १९९० पासून इंटररेग नावाने याच तत्त्वावर निधी चालवला आहे. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी त्यात सुमारे ८ अब्ज युरो आहेत. रकमेपेक्षा त्यातल्या अटी शिकण्यासारख्या आहेत. सीमेपलीकडच्या प्रकल्पात दोन्ही बाजूंचे भागीदार लागतात, प्रकल्प आखायचा आणि राबवायचा मिळून, माणसे किंवा पैसा यांतले एक तरी सामाईक हवे, आणि सगळ्या हिशेबाला एक प्रमुख भागीदार जबाबदार. मुदत सात वर्षांची, त्यामुळे मार्चएंडची धावपळ नाही. तिथेही सगळे आलबेल नाही. युरोपच्या लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की काही भागीदार केवळ निधी मिळावा म्हणून एकत्र आले होते. आपल्याकडे तर हे पहिल्याच वर्षी होईल: दोन पालकमंत्री एका पानावर सही करतील आणि अर्धे-अर्धे सभामंडप वाटून घेतील. म्हणून अट आणखी एका पायरीने आवळायला हवी. दुसऱ्या काठाशिवाय जे काम निरुपयोगी ठरेल, त्यालाच हा पैसा. वाशिम ते औंढा धावणारी ठरलेल्या वेळेची बस, शेगावच्या पालखीमार्गावर दोन्ही जिल्ह्यांत सारख्या अंतरावर पाणी आणि शौचालय, ईसापूरच्या पाण्यासाठी एकच नियमावली आणि तिला वनरक्षकाचा पगार, सहस्रकुंडच्या दोन्ही काठांवर एकच जीवरक्षक पथक, नदीच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच पाट्या. सभामंडप एका काठावर असला तरी उपयोगाचा असतो; म्हणून तो यात बसणार नाही, त्याला आमदार निधी आहेच.

यावर पहिला आक्षेप मराठवाड्यातूनच येईल, आणि तो गंभीर आहे. विभागवार वाटणी काही कारकुनी खोड नाही. सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा पैसा वर्षानुवर्षे पश्चिमेकडे वळत राहिला म्हणून ती मागून घ्यावी लागली. सीमेवरच्या निधीच्या नावाखाली ती सैल केली तर मोठा भाऊ पुन्हा ताटातले ओढून घेईल, ही भीती खोटी नाही. पण इथे दोन्ही काठ अनुशेषाचेच आहेत. यवतमाळ आणि वाशिम ही काही पुणे-नाशिक नव्हेत. शिवाय कर्तारपूरच्या धर्तीवर प्रत्येक रुपया ज्याच्या त्याच्या हद्दीतच खर्च करता येतो; मराठवाड्याचा हिशेब मराठवाड्यातच राहतो आणि विभागवार वाटपाला धक्का लागत नाही. बदलते ती फक्त मंजुरीची अट.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. शेतकरी आत्महत्या, पाणी आणि दवाखाने हे प्रश्न उघडे असलेल्या जिल्ह्यात पर्यटनाला सरकारी पैसा का? वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, शेतकऱ्याच्या हातात थेट जाणारा पैसा तिथे नाही का? हळदीला पैसा द्यावा, जरूर द्यावा. पण पर्यटनावरचा खर्च आज होतच आहे, तो टाळण्याचा पर्याय कोणी ठेवलेला नाही. भाविक येणारच आहेत, पालखी निघणारच आहे, बंदोबस्त, पाणी, रस्ता हा खर्च दरवर्षी होणारच आहे. आणि माझ्या अटीमुळे खर्च होईल तो पाणी, शौचालय, बस आणि पगारांवर, म्हणजे अकरा महिने गावकऱ्यांच्या आणि एक महिना यात्रेकरूंच्या उपयोगाच्या गोष्टींवर. यातच धर्मस्थळांना सरकारी पैसा देण्याचाही प्रश्न सुटतो. मंदिराच्या भिंतीच्या आत काय करायचे ते मंदिराच्या संस्थानाने आपल्या उत्पन्नातून करावे. सरकारचे काम भिंतीच्या बाहेर सुरू होते, आणि बाहेरच्या नळावर पाणी पिणाऱ्याला कोणी जात, पंथ विचारत नाही.

तिसरे म्हणणे असे की शक्तिपीठ महामार्ग आला की हे सगळे आपोआप जोडले जाईल. मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, त्यांत यवतमाळ, हिंगोली, नांदेड, परभणी. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि नियोजनासाठी २० हजार कोटींहून अधिक रकमेला मान्यता दिली. हा रस्ता हवा की नको हा स्वतंत्र वाद आहे, आणि ज्यांची बागायती जमीन त्यात जाते त्या शेतकऱ्यांचा विरोध त्यात आधी ऐकला पाहिजे. इथे एवढेच नोंदवतो की जिल्ह्यांच्या आणि विभागांच्या सीमा ओलांडून एकच योजना, एकच यंत्रणा आणि एकच हिशेब करणे सरकारला अवघड नाही, हे या महामार्गाने सिद्ध केले आहे. अवघड वाटते ते फक्त लहान कामांच्या बाबतीत. आणि प्रवेश-नियंत्रित महामार्गाचा स्वभाव थांबवण्याचा नसून पुढे नेण्याचा असतो. नर्सीला उतरायचे कारण आधी तयार नसेल तर माहूरहून निघालेली गाडी थेट परळीला जाऊन थांबेल. वाहतूक आधीच आखावी लागण्याचे दुसरेही कारण आहे: औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांना जवळून जाणाऱ्या अवजड वाहनांची थरथरही चालत नाही. तिथे गर्दी कुठून न्यायची हे एका तालुक्याने ठरवून भागणार नाही, हा आणखी एक धडा.

नवे महामंडळ काढा, असे मात्र कोणी म्हणू नये. मराठवाडा आणि विदर्भ यांच्यासाठी काढलेल्या पाट्यांची आणि रिकाम्या खुर्च्यांची संख्या आधीच पुरेशी आहे. हिंगोली, वाशिम, यवतमाळ, नांदेड आणि परभणी या पाच जिल्हा नियोजन समित्यांनी पर्यटन आणि तीर्थक्षेत्रांच्या आपल्या तरतुदीतला दहावा भाग एका सामाईक यादीसाठी राखून ठेवावा, राज्याने तेवढीच रक्कम त्यात घालावी, आणि तो पैसा तीन वर्षे व्यपगत होणार नाही अशी तरतूद करावी. प्रत्येक कामाला एक जिल्हाधिकारी प्रमुख, दुसरा सहस्वाक्षरीदार. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. नियोजन विभागाचा एक शासन निर्णय पुरतो.

सुरुवात कुठून करायची याचीही निवड सोपी आहे. आषाढीच्या आधी शेगावची पालखी पानकन्हेरगावाजवळ येते तेव्हा वाशिमचा बंदोबस्त तिथे थांबतो आणि हिंगोलीचा सुरू होतो. वारकरी टाळ वाजवत एका पावलात सीमा ओलांडतात. पुढच्या वारीला त्या जागेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शेवटच्या मुक्कामांची पाण्याची, शौचालयांची आणि दवाखान्याच्या गाडीची यादी एकाच कागदावर, दोन सह्यांनी मंजूर झालेली असावी. कागद लहान आहे, रक्कमही लहान आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या लेखा विभागांना ती कोणत्या शीर्षाखाली दाखवायची ते ठरवायला पावसाळ्यापर्यंत वेळ आहे.